वेधशाळेची इंग्रजी आणि पवनेचा काठ

पुनावळे हे पवना नदीच्या काठचे, रावेत, ताथवडे, जांबे आणि मारुंजी यांच्या शिवारांना लागून असलेले गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पुढच्या पाव शतकात तेथील बहुतेक शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. पावसाच्या नकाशावरची गावाची जागा मात्र बदललेली नाही. पश्चिमेला लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पूर्वेला पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत तो सुमारे सातशे मिलिमीटर भरतो, आणि या दोन ठिकाणांतले अंतर साठ-पासष्ट किलोमीटरच आहे. उताराच्या या पट्टीवर मध्येच वसलेल्या गावाला ‘पुणे जिल्ह्यात पाऊस’ या तीन शब्दांतून फारसे काही कळत नाही. घाटावर की मैदानात, किती ठिकाणी, किती जोराचा आणि किती खात्रीचा, हे सांगितल्याशिवाय ती वार्ता पुरी होत नाही. हे सारे सांगणारी जी शब्दावली आज मराठी वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरच्या संदेशांतून गावात पोहोचते, ती मुळात इंग्रजीत घडली. तिच्यातल्या साध्या दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विशेषणामागे एक आकडा ठरलेला आहे, आणि तो आकडा विसरून ती वापरली की इंग्रजीही चुकते व मराठीही. तिच्या घडणीतले बरेचसे काम पुनावळ्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर, पुण्यातच झाले.

त्याआधी या भागात पावसाची भाषा नव्हती असे नाही. उलट ती अत्यंत नियमबद्ध होती. पंचांगात सूर्याच्या नक्षत्रप्रवेशावरून पावसाळ्याचे तेरा-चौदा दिवसांचे भाग पाडलेले असतात: जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागते, त्यानंतर आर्द्रा, मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, ज्याला शेतकरी ‘तरणा’ म्हणतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पुष्य, म्हणजे ‘म्हातारा’. मावळ आणि मुळशीच्या भातपट्ट्यात रोपे टाकणे, चिखलणी आणि लावणी ही कामे याच नावांना बांधलेली होती. प्रत्येक नक्षत्राला पंचांगकर्ते एक वाहन देतात, आणि तेही मनाने ठरवत नाहीत. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येला नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा, अशी ती रीत आहे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की भरपूर पावसाची आशा धरली जाते. या भाषेत काळ अगदी काटेकोर आहे, पण स्थळ नाही. एकच बेडूक कोकणालाही लागू होतो आणि सोलापुरालाही, आणि वर्तवलेला पाऊस कुठे व किती पडल्यावर खरा मानायचा, याची व्याख्या पंचांगात कोठेही सापडत नाही.

मोजलेल्या हवामानाशी मराठी माणसाचा संबंध मुंबईत आला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तेथे भूचुंबकत्वाची व हवामानाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. ‘दर्पण’ हे इंग्रजी व मराठी असे दोन स्तंभ शेजारी छापणारे पत्र १८३२ साली काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती, आणि त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे ऊर्फ केरूनाना यांनी तेथे सुमारे दहा वर्षे साहाय्यक म्हणून निरीक्षणे घेतली. वायुभारमापकाचे वाचन ठरल्या वेळी घेऊन ते इंग्रजी कोष्टकात उतरवणे हे या पिढीचे रोजचे काम होते. केरूनाना पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्यांनी पंचांगाच्या सुधारणेसाठी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नक्षत्रांची भाषा आणि वेधशाळेची भाषा या दोन्हींत एकाच माणसाने अधिकाराने काम केले, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटल्याचे दिसत नाही.

पावसाविषयी नेमकी इंग्रजी लिहिण्याची खरी कसोटी १८७६–७७ च्या दख्खनच्या दुष्काळात लागली. पुणे सार्वजनिक सभेने, म्हणजे १८७० साली स्थापन झालेल्या आणि गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या संस्थेने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे इंग्रजीत दुष्काळाचे वृत्तांत पाठवले. ‘पाऊस फार कमी झाला’ एवढे लिहून मुंबई सरकारवर परिणाम होणार नव्हता. कोणत्या तालुक्यात कोणते पीक गेले, धान्याचा भाव कोठे पोहोचला, दुष्काळी कामावर किती मजुरी मिळते, हे मांडावे लागे. दुष्काळी मदतीच्या पाहणीसाठी सरकारने पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा दर दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणला तेव्हा सभेने त्याविरुद्ध केलेला युक्तिवादही याच मोजलेल्या भाषेत होता. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात प्रवाह उलटा फिरला: दुष्काळ संहितेत, म्हणजे सरकारने स्वतःवर घालून घेतलेल्या मदतीच्या नियमांत, इंग्रजीत काय लिहिले आहे ते टिळकांच्या ‘केसरी’ने आणि सभेच्या कार्यकर्त्यांनी मराठीतून गावोगाव समजावून सांगितले. पीक रुपयात किती आणे आले यावरून शेतसाऱ्याची सूट ठरवणारी आणेवारी तर शेतकऱ्याला आधीपासूनच ठाऊक होती. अवर्षणाला आकडा चिकटला की त्याचे हक्कात रूपांतर होते, हा व्यवहार दख्खनच्या शेतकऱ्याला हवामानखात्याच्या बराच आधी उमगलेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

ते खाते १८७५ साली स्थापन झाले. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील अपुरा मोसमी पाऊस ही त्याची तात्कालिक कारणे होती. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिमवृष्टी आणि भारतातील पाऊस यांचा संबंध जोडून १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज रीतसर द्यायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांच्या काळात या भाषेला मोठा धक्का बसला, कारण १८९९ साठी सरासरीहून चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात ते वर्ष शतकातल्या सर्वांत वाईट अवर्षणांपैकी एक ठरले. १९०४ साली आलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी त्यानंतर अंदाजाला संख्याशास्त्राचा पाया दिला, पण त्यांची सावधगिरी शब्दांतही दिसते. इंग्लंडमध्ये तेथील हवामानखात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ साली ‘भाकीत’ किंवा ‘भविष्यकथन’ या अर्थाचे शब्द टाळून दैनंदिन अंदाजासाठी ‘फोरकास्ट’ हा शब्द रुळवला होता. वॉकर यांना संपूर्ण ऋतूच्या अंदाजासाठी तोही फार ठाम वाटला आणि त्यांनी ‘फोरशॅडोइंग’, म्हणजे पुढच्या ऋतूची नुसती चाहूल सांगणे, हा शब्द पत्करला. १९३० सालच्या त्यांच्या एका निबंधाचे शीर्षकच तसे आहे. वृत्तपत्रांनी तो शब्द कधीच स्वीकारला नाही, आणि एका अर्थी त्यामुळेच पुढचे अनेक गैरसमज टळले नाहीत.

१९२८ साली खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला आणि तिच्यासमोरच्या चौकाला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात ते यामुळे. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण हवामानाच्या नोंदींचे भांडार, मोसमी अंदाजाचे काम आणि उपकरणांची कार्यशाळा पुण्यात राहिली. याच कार्यशाळेत १९४८ पासून हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी पर्जन्यमापकासारखी उपकरणे देशात बनवण्यासाठी त्यांच्या आराखड्यांचे प्रमाणीकरण केले. त्याआधी, १९३२ साली, एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला होता, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीचे हवामानवृत्त आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागले. कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी, अशी ज्या वृत्ताची लय कित्येक पिढ्यांच्या कानात बसली आहे, ती इथून आली. ‘मध्य महाराष्ट्र’ हा त्यातला शब्दही प्रशासनाचा नसून वेधशाळेचा आहे. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचा, सह्याद्रीच्या पूर्वेकडचा पट्टा त्यात येतो, आणि पुनावळे त्याच्या पश्चिम कडेला आहे.

या लयीतील शब्दांचे अर्थ ठरवण्याचे काम रोज सकाळी साडेआठ वाजता होते. पर्जन्यमापक म्हणजे जमिनीत पक्के रोवलेले नळकांडे. जुन्या सायमन्स पद्धतीच्या मापकाचे तोंड पाच इंच व्यासाचे असे, आणि काठ जमिनीपासून एक फूट उंच ठेवत, म्हणजे उडालेले शिंतोडे आत जात नाहीत. साचलेले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून वाचायचे, आणि ती नोंद त्या दिवसाच्या तारखेला लिहायची. त्यामुळे १० जुलैच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस कागदावर ११ जुलैचा ठरतो. ‘काल इतका पाऊस झाला’ असे लिहिणारा वार्ताहर आणि वेधशाळेचे पत्रक यांच्यात एका दिवसाचा फरक पडतो तो बहुधा यामुळेच. चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पाऊस भरला तरच तो ‘पावसाचा दिवस’. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर भरला तर इंग्रजीत ‘हेवी’, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. मराठीत अनुक्रमे मुसळधार, अतिमुसळधार आणि अत्यंत मुसळधार. रस्त्यावरून पाणी वाहू लागले म्हणून कोणी ‘हेवी रेन’ लिहिले आणि मापकात चाळीसच मिलिमीटर निघाले, तर व्यवहारात ते इंग्रजी बरोबर असले तरी हवामानवृत्तात चूक ठरते. पुनावळ्याच्या महामार्गाखालच्या भुयारी मार्गात पाणी साचायला मुसळधार पावसाची गरज नसते, हा भाग वेगळा.

ठिकाणे मोजण्याची पद्धत अधिक विचित्र वाटण्याजोगी आहे. मध्य महाराष्ट्रासारख्या एखाद्या उपविभागातील जितक्या केंद्रांवर पाऊस नोंदला जातो, त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर ‘आयसोलेटेड’, म्हणजे तुरळक ठिकाणी. सव्वीस ते पन्नास टक्के असेल तर ‘स्कॅटर्ड’, म्हणजे काही ठिकाणी. पंचाहत्तरपर्यंत ‘फेअरली वाइडस्प्रेड’, म्हणजे बऱ्याच ठिकाणी. आणि त्यापुढे ‘वाइडस्प्रेड’. येथे मराठी वाचकाची एक ठरलेली गल्लत होते. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ या वाक्यातला ‘तुरळक’ हा शब्द पावसाला लागत नाही, ठिकाणांना लागतो. थोड्या जागी, पण तेथे चांगलाच जोराचा, असा त्याचा अर्थ आहे. तरीही ‘तुरळक पाऊस’ म्हणजे किरकोळ पाऊस असे वाचण्याची सवय इतकी पक्की आहे की अनेकांना हे वाक्य स्वतःलाच छेद देणारे वाटते. इंग्रजीत लिहितानाही ‘आयसोलेटेड हेवी रेनफॉल’ अशी जोडणी केल्यास तीच संदिग्धता उरते, म्हणूनच खात्याची पत्रके बहुधा ‘हेवी रेनफॉल ॲट आयसोलेटेड प्लेसेस’ अशी लांबची वाट धरतात. घाटमाथ्याच्या पायथ्याशी असलेल्या गावाला ही लांबची वाट उपयोगी पडते, कारण ती थोडी ठिकाणे बहुतेक वेळा घाटावरचीच असतात आणि तेथला पाऊस पवनेतून काही तासांनी खाली येतो.

शक्यतेचे शब्द तर इंग्रजी जाणणाऱ्यालाच अधिक फसवतात. भारतीय हवामानखात्याच्या श्रेणीत ‘लाइकली’ म्हणजे पंचवीस ते पन्नास टक्के संभव, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर, आणि त्याहून अधिक असेल तर ‘मोस्ट लाइकली’. सर्वसाधारण इंग्रजीत ‘लाइकली’ म्हणजे होण्याचा संभव न होण्यापेक्षा जास्त. खात्याच्या इंग्रजीत मात्र तो शब्द निम्म्याच्या आतच थांबतो. मराठी वृत्तलेखकांनी त्यासाठी वापरलेला ‘शक्यता’ हा शब्द या बाबतीत मूळ शब्दापेक्षा प्रामाणिक आहे, आणि ‘दाट शक्यता’ हीही ‘व्हेरी लाइकली’ची चांगली जोड आहे. अडचण एवढीच, की मथळ्यात जागा वाचवताना पहिला बळी ‘दाट’चा जातो.

रंगांच्या बाबतीत मराठी पत्रकारितेने सरळ स्वतःची परिभाषा केली आहे. खात्याच्या कोष्टकात पिवळा रंग ‘वॉच’, म्हणजे माहिती घेत राहा, असे सांगतो. नारिंगी ‘अलर्ट’, म्हणजे तयारीत राहा. आणि लाल ‘वॉर्निंग’, म्हणजे कृती करा. या हिशेबाने ‘अलर्ट’ हा शब्द एकाच रंगाचा आहे. वृत्तपत्रांतील यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट आणि रेड अलर्ट ही त्रयी त्यामुळे काटेकोरपणे चुकीची ठरते, पण ती आता इतकी रूढ झाली आहे की शाळांना सुट्टी देताना प्रशासनही तीच वापरते. तिला दुरुस्त करण्याचा हट्ट आज कोणी धरू नये.

‘अतिवृष्टी’ या शब्दाची गोष्ट वेगळी, कारण तेथे पैसा गुंतलेला आहे. महसूल खात्याच्या लेखी एखाद्या महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी झाली, आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे त्यावर अवलंबून राहतात. हीच पातळी वेधशाळेच्या भाषेत नुसत्या ‘मुसळधार’ची सुरुवात आहे. काही बातम्यांत मात्र अतिवृष्टी हा शब्द थेट २०४ मिलिमीटरपुढच्या पावसासाठी वापरला जातो. त्यामुळे ‘अतिवृष्टीचा इशारा’ वाचून घाबरलेला शहरी वाचक आणि ‘अतिवृष्टी नोंदली गेली का’ म्हणून तलाठ्याकडे चौकशी करणारा शेतकरी हे एकाच शब्दाने दोन वेगळे पाऊस मोजत असतात. मंडळाचे मापक ज्या गावी असेल त्याच्या पलीकडच्या शिवारात ढग फुटला आणि मापकावर साठ मिलिमीटरच भरले, तर कागदोपत्री काहीच घडलेले नसते. ‘ढगफुटी’लाही पुन्हा स्वतःचा आकडा आहे: साधारण वीस ते तीस चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाला शंभर मिलिमीटर.

ऋतूच्या पातळीवर ‘नॉर्मल’ हा शब्द असाच फसवा आहे. संपूर्ण देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या, म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या ८७ सेंटिमीटर सरासरीच्या, ९६ ते १०४ टक्के भरला तर तो ‘नॉर्मल’. या शब्दात मावळचे भात किंवा बारामतीची बाजरी यांपैकी कशाचेही आश्वासन नसते. जूनमध्ये कोरडा आणि सप्टेंबरमध्ये धो धो असा पाऊसही बेरजेत ‘नॉर्मल’ भरतो. जिल्ह्याच्या पातळीवर तर वजा १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंत सर्व काही ‘नॉर्मल’ असते. म्हणूनच कृषी खाते सरासरीची भाषा बाजूला ठेवून पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीला वाफसा, म्हणजे ओल राहूनही औत चालेल अशी स्थिती, आल्याशिवाय पेरणी करू नये असे सांगते. २०१६ साली खात्याने आपल्या परिभाषेतून दुष्काळ या अर्थाचा इंग्रजी शब्द काढून टाकला आणि त्याजागी ‘डेफिशिएंट इयर’, म्हणजे तुटीचे वर्ष, हा प्रयोग आणला. कारण तर्कशुद्ध होते: वेधशाळा पाऊस मोजते, दुष्काळ जाहीर करणे हे राज्य सरकारचे काम. दख्खनच्या ज्या इतिहासात दुष्काळ हा शब्द सरकारच्या तोंडून वदवून घेण्यासाठी एवढा खटाटोप झाला, तेथे हा बदल जितका लक्षात यायला हवा होता तितका आला नाही.

पावसाळा संपताना मराठी आणि खात्याची इंग्रजी यांची वाट पुरती वेगळी होते. १ सप्टेंबरनंतर वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस थांबला, हवेतील ओल कमी झाली आणि वाऱ्यांची घडण उलटली, की खाते ‘विथड्रॉअल’ जाहीर करते. म्हणजे मोसमी वाऱ्यांची माघार ही व्याख्येनेच पाऊस थांबण्याची घटना आहे. मराठीत मात्र ‘परतीचा पाऊस’ म्हणजे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाटासह कोसळणाऱ्या सरी, ज्यांनी कापणीला आलेले भात आडवे होते. हा पाऊस खरा आहे, त्याने होणारे नुकसानही खरे आहे, आणि त्याला नाव हवेच. फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्याने त्याचे शब्दशः रूप करून ‘रिटर्न रेन’ असे लिहू नये, कारण ते वाचून कोणत्याही हवामानशास्त्रज्ञाला बोध होत नाही. ‘पोस्ट-मान्सून थंडरशॉवर्स’ हे त्याचे सरळ नाव आहे, आणि माघार अजून जाहीर झालेली नसेल तर नुसते ‘थंडरशॉवर्स’.

पुनावळ्याच्या रहिवाशांपर्यंत पावसाळ्यात सर्वाधिक वेळा पोहोचणारी सूचना मात्र वेधशाळेची नसून पाटबंधारे खात्याची असते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेले पवना धरण भरत आले की त्यातून पाणी सोडले जाते, ते नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्याकडे येते, जेथून एरवी पिंपरी-चिंचवडचे पिण्याचे पाणी उचलले जाते, आणि पुढे दापोडीला पवना मुळेला मिळते. या सूचनेत विसर्ग नेहमी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत, दिलेला असतो. देशाने मोजमापात दशमान पद्धत स्वीकारून सहा दशके उलटली, पाऊस इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, यांतून मिलिमीटरमध्ये आला, पण नदी अजून फुटांतच मोजली जाते. एका क्युसेकमध्ये सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी वाहते, त्यामुळे पाच हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास एक लाख चाळीस हजार लिटर. एवढा हिशेब ठाऊक असला तरी नदीकाठच्या माणसाला त्यातून पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढेल ते कळत नाही, आणि ते सांगणारा शब्द इंग्रजी व मराठी दोन्ही पत्रकांत सहसा नसतो. त्यासाठी घाटावरच्या पाऊणशे-शंभर मिलिमीटरपासून बंधाऱ्यावरच्या पातळीपर्यंतची सगळी साखळी जुन्या गावकऱ्यांना अनुभवाने जोडावी लागते, आणि नव्या संकुलांत राहायला आलेल्यांना ती जोडून देणारे कोणी नाही.